प्रबंधाद्वारे एम. ए. : इरावती कर्वे यांच्या संशोधनाची पहिली वर्षे

१

एम. ए.चा अभ्यास म्हटला म्हणजे व्याख्याने, नेमलेले ग्रंथ आणि प्रश्नपत्रिका हेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु मुंबई विद्यापीठात प्रबंध सादर करून एम. ए. होण्याची दुसरीही एक वाट होती. या वाटेने जाणाऱ्या पदवीधरास एका विषयाशी दीर्घकाळ झुंजावे लागे आणि त्याच्या पाठीशी मार्गदर्शकाखेरीज फारसे कोणी नसे. अशा शिक्षणातून विद्यार्थ्याच्या हाती नेमके काय लागते, या प्रश्नाचा विचार करण्यास इरावती कर्वे यांचे उदाहरण उपयोगी आहे.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशातील मिंज्यान येथे झाला. शिक्षणासाठी त्या पुण्यास आल्या, हुजूरपागेत शिकल्या आणि रँग्लर परांजपे यांच्या कुटुंबात वाढल्या. १९२६ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या. मानवाच्या मनाचा व समाजाचा शास्त्रीय अभ्यास करू इच्छिणाऱ्या पदवीधरास त्या वेळी पुण्यात स्वतंत्र विद्यापीठीय विभाग उपलब्ध नव्हता. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ साली झाली आणि त्याचा प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग १९५० साली सुरू झाला. तोपर्यंत मानसशास्त्र हे महाविद्यालयांतून बहुधा तत्त्वज्ञानाच्या छत्राखालीच शिकविले जाई. समाजशास्त्राचा विभाग मात्र मुंबईस १९१९ पासून होता. पॅट्रिक गेडिस यांनी त्याचा आरंभ केला आणि १९२४ साली डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये त्याचे प्रमुख झाले. इरावतीबाई दक्षिणा फेलोशिप मिळवून त्यांच्याकडे गेल्या.

२

या फेलोशिपचा इतिहास ध्यानात घेण्याजोगा आहे. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलात हा खर्च हळूहळू शिक्षणाकडे वळविण्यात आला. १८२१ साली पुण्यात निघालेली संस्कृत पाठशाळा त्यातूनच उभी राहिली, आणि पुढे महाविद्यालयांतील फेलोशिपही त्याच निधीतून दिल्या जाऊ लागल्या. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे अशा प्रारंभीच्या फेलोंपैकी एक होत. ज्या चित्पावन पेशव्यांनी ही दक्षिणा वाढविली, त्यांच्याच ज्ञातीचा चिकित्सक अभ्यास शतकानंतर एका स्त्रीने त्याच नावाच्या फेलोशिपवर केला. दानाचे असे रूपांतर होण्यास मध्यंतरी विद्येची कल्पनाच बदलावी लागली होती.

प्रबंधाचा विषय चित्पावन ब्राह्मण हा होता. इरावतीबाई स्वतः जन्माने व विवाहाने त्याच ज्ञातीतील. आपल्याच ज्ञातीविषयी लिहिताना माहिती सुलभ होते हे खरे. तथापि तेथेच निर्णयबुद्धीची परीक्षाही होते. चित्पावनांच्या उत्पत्तीविषयी दोन प्रकारची कथने रूढ होती. सह्याद्रिखंडातील कथेप्रमाणे परशुरामाने समुद्रातून वाहत आलेल्या प्रेतांपासून त्यांना निर्माण केले. ही कथा ज्ञातीस अर्थातच मानवली नाही. उलटपक्षी, गौरवर्ण व घारे डोळे यांचा आधार घेऊन परदेशीय पूर्वजांचे तर्कही केले जात, आणि ते अनेकांस सुखावणारे होते. एका कथनाने अवमान होत होता, दुसऱ्याने गौरव. संशोधकास दोन्ही बाजूंस ठेवून विचारावे लागते की, पुरावा काय सांगतो? १९२८ साली इरावतीबाईंस या प्रबंधाबद्दल एम. ए.ची पदवी मिळाली. परशुराम-कथेचा विषय त्यांनी तेथेच सोडला नाही. पुढे तिच्यावर स्वतंत्र लेख लिहिला.

या पद्धतीची परंपरा घुर्ये यांनी केंब्रिजहून आणली होती. तेथे ते डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे शिकले आणि १९२२ साली रिव्हर्स यांचे निधन झाल्यावर ए. सी. हॅडन यांच्याकडे त्यांनी आपले काम पूर्ण केले. रिव्हर्स हे मूळचे प्रायोगिक मानसशास्त्रज्ञ. १८९८ च्या टॉरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत तेथील रहिवाशांच्या दृष्टीची व संवेदनांची परीक्षा घेता घेता ते आप्तसंबंधांच्या अभ्यासाकडे वळले. सामाजिक शास्त्रे एकमेकांपासून किती अलीकडे विभक्त झाली आहेत, हे यावरून कळून येईल. घुर्ये यांच्या विभागातील प्रबंधांचे मोलही पदवीपुरते नव्हते. म्हैसूरमधील विवाह व कुटुंब यांविषयी एम. एन. श्रीनिवास यांनी एम. ए.साठी लिहिलेला प्रबंध १९४२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

३

प्रबंधाने दिलेल्या शिक्षणाची खरी कसोटी बर्लिनमध्ये लागली. १९२८ साली इरावतीबाई जर्मनीस गेल्या. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांस हे परदेशगमन पसंत नव्हते. पती दिनकर धोंडो कर्वे मात्र स्वतः जर्मनीत रसायनशास्त्राचे शिक्षण घेतलेले होते व त्यांचा पूर्ण पाठिंबा होता. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक झाले. मानवी कवटीच्या उजव्या व डाव्या बाजूंतील असमानता हा विषय त्यांना मिळाला. युरोपीयांच्या कवटीची असमानता इतर वंशांहून निराळी असावी व तिचा संबंध बौद्धिक श्रेष्ठतेशी असावा, अशी फिशर यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी दीडशेच्या घरातील कवट्या मोजल्या. असमानता सर्वत्र आढळली. वंशाशी तिचा संबंध आढळला नाही. तोच निष्कर्ष त्यांनी प्रबंधात मांडला. परक्या देशातील, पदवीसाठी मार्गदर्शकावर अवलंबून असलेल्या विद्यार्थिनीने हे करावे, याचे महत्त्व १९३३ नंतर जर्मनीत जे घडले त्यावरून अधिकच स्पष्ट होते. नाझी राजवटीच्या वंशविषयक धोरणास शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत फिशर हे प्रमुख होते.

मतभेदाचा दुसरा प्रसंग खुद्द घुर्ये यांच्या सिद्धांताविषयी आला. प्रत्यक्ष व्यवहारात अंतर्विवाही लहान गट महत्त्वाचा, हे दोघांसही मान्य होते. परंतु हे गट एका मोठ्या जातीचे तुकडे पडून निर्माण झाले, असे घुर्ये यांच्या विवेचनाचे सूत्र होते. इरावतीबाईंनी ते स्वीकारले नाही. १९३९ पासून डेक्कन महाविद्यालयात काम करीत असता त्यांनी महाराष्ट्रभर मोजमापे घेतली, वि. म. दांडेकर यांच्यासमवेत त्यांचा अहवाल १९५१ साली प्रसिद्ध झाला. १९६१ च्या हिंदू समाजविषयक ग्रंथात त्यांनी प्रतिपादन केले की, चित्पावन, देशस्थ, कऱ्हाडे यांसारखे गट एकाच जातीच्या शाखा नसून भिन्न मुळांचे आहेत. समान व्यवसाय व दर्जा यांमुळे त्यांचा समूह बनला आहे. महाराष्ट्रातील कुंभारांच्या निरनिराळ्या गटांची चाके व घडविण्याच्या रीती भिन्न असतात, हाही त्यांचा एक आधार होता. एम. ए.च्या प्रबंधात ज्या एका गटापासून प्रारंभ झाला, त्याच गटाच्या वेगळेपणाचा प्रश्न तीन दशकांनी व्यापक सिद्धांतापर्यंत पोहोचला.

४

या कार्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. वंशश्रेष्ठत्वाची कल्पना नाकारूनही शरीरमापनावरील इरावतीबाईंचा विश्वास अखेरपर्यंत टिकला. समूहांचे मूळ शोधण्यास नाक व डोके यांची मापे कितपत पुरेशी आहेत, याविषयी नंतरच्या आनुवंशिकीने गंभीर शंका निर्माण केल्या. पहिल्या प्रबंधात हाती आलेले साधन संशोधकास जन्मभर सोडत नाही, असाही याचा एक अर्थ आहे. म्हणूनच साधनाची निवड विद्यार्थ्याने मार्गदर्शकावर सर्वस्वी सोपविणे इष्ट नव्हे.

तरीही बर्लिनच्या निष्कर्षास ज्या सवयीने बळ दिले, तिचा उगम मुंबईच्या प्रबंधात शोधणे सयुक्तिक ठरेल. स्वतःच्या ज्ञातीस प्रिय असलेले कथन पुराव्यापुढे उभे करण्याचा प्रसंग ज्या विद्यार्थिनीवर आधीच येऊन गेला होता, तिला मार्गदर्शकाची प्रिय कल्पना तपासणे अशक्य वाटले नाही. प्रबंधाद्वारे पदवी देणाऱ्या आजच्या विभागांनी विषय मंजूर करताना ही गोष्ट पाहावी : उत्तर विद्यार्थ्याच्या अथवा मार्गदर्शकाच्या इच्छेविरुद्ध येण्याची शक्यता त्या विषयात आहे काय? ती नसेल, तर प्रबंध पूर्ण होईल, पदवीही मिळेल. परंतु संशोधनाचे शिक्षण झाले असे म्हणता येणार नाही.