वारेची साक्ष

'वार' म्हटले की आम्हां साहित्याच्या अभ्यासकांना आघात आठवतो, नाहीतर दिवस. या शब्दाचा तिसरा अर्थ सुइणीच्या बोलीत राहिला. मूल जन्मले की मागून पडणारी वार पुरून टाकायची, ही आपली जुनी रीत. वैद्यकाच्या इतिहासातही ती दीर्घकाळ अशीच दृष्टिआड राहिली.

तिचे महत्त्व कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाची नाभी नाडीला, नाडी अपरेला आणि अपरा मातेच्या हृदयाला जोडलेली सांगितली आहे. १५५९ मध्ये रेआल्दो कोलोंबोने तिला चपट्या पोळीवरून 'प्लासेंटा' हे लॅटिन नाव दिले. अठराव्या शतकात हंटर बंधूंनी आई आणि गर्भ यांचे रक्ताभिसरण वेगवेगळे असल्याचे दाखविले. विल्यम हंटरचा ३४ चित्रफलकांचा ग्रंथ १७७४ मध्ये निघाला.

परंतु मूल खुरटलेले का जन्मते, हा प्रश्न मागेच राहिला. अडीच किलोपर्यंतचे मूल सरसकट 'अपुऱ्या दिवसांचे' गणले जाई. १९६१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने कमी वजन आणि अपुरे दिवस या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. मग पूर्ण दिवस भरूनही लहान राहिलेल्या मुलाचे कारण शोधणे भाग पडले.

ब्रोसेन्स, रॉबर्ट्सन आणि डिक्सन यांनी गर्भाशयाच्या भिंतीतील नागमोडी धमन्या तपासल्या. निरोगी गरोदरपणात वारेच्या पेशी त्या धमन्यांत शिरतात, त्यांचे स्नायू विरघळवून त्यांना रुंद पाट बनवितात. काही स्त्रियांत हे काम अर्धवट राहते. धमन्या अरुंद राहतात, रक्त कमी पोचते आणि गर्भाची वाढ खुंटते. गर्भवाढीविषयीचा त्यांचा निबंध १९७७ चा.

आईच्या आहाराला महत्त्व नाही, असा याचा अर्थ नव्हे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात पालेभाज्या, फळे व दूध यांचा बाळाच्या जन्मवेळच्या आकाराशी संबंध आढळलाच. मात्र धमनी अरुंद राहणे हे कोणा बाईच्या हयगयीचे फळ नसते. तरीही रोडक्या बाळाकडे पाहून पहिला प्रश्न तिलाच विचारला जातो: 'नीट खाल्लं नव्हतंस का?' त्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा वारेपाशी असते, आणि वार तर केव्हाच मातीआड झालेली असते. आईला दोष देण्यापूर्वी तिची साक्ष काढावी, एवढेच आमचे म्हणणे.