पडद्यावरचा आलेख कागद



स्मरणिकेसाठी लेख मागताना 'तुझ्या कॉम्प्युटरमधलं लिही, पण आम्हाला समजेल असं' अशी अट होती. म्हणून संगणकाच्या पडद्याचा थोडा इतिहास सांगते. माझ्यापुरता तो डोणगावला, आपल्या गणिताच्या तासाला सुरू झाला.

आलेख कागद आठवतो ना? आधी आडवे मोजा, मग उभे, मग बिंदू द्या. १९९५ साली दहावी होऊन आपण पांगलो, तोवर मी संगणक पाहिलाही नव्हता. अभियांत्रिकीला टर्बो सी शिकताना कळले की पडदाही तसाच आहे; आडवे ६४० आणि उभे ४८० ठिपके. फक्त शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात, आणि 'य' खाली मोजायचा. माझे पहिले घर उलटे आले, छप्पर जमिनीकडे. सगळे हसले. मराठी माध्यमातून आलेली मी आधीच गप्प असे, त्या दिवशी आणखी गप्प झाले.

पुढे तोच प्रोग्रॅम फ्लॉपीवर घेऊन दुसऱ्या संगणकावर गेले, तर चित्राऐवजी 'ग्राफिक्स नॉट इनिशिअलाइज्ड' अशी ओळ आली. सोबत न्यायची ड्रायव्हरची फाइल मी विसरले होते. ही फाइल लागते तरी कशाला, हे शोधताना सगळा इतिहास हाती लागला.

१९८१ च्या आयबीएम पीसीवरचे सीजीए कार्ड ३२० बाय २०० ठिपके आणि चार रंग दाखवी. १९८७ च्या व्हीजीएने ६४० बाय ४८० ठिपके आणि सोळा रंग आणले. मग इतर कंपन्यांनी त्याहून सरस कार्डे काढली, पण प्रत्येकीची आज्ञा देण्याची रीत वेगळी. ६४० बाय ४८० चे चित्र २५६ रंगांत साठवायला ३,०७,२०० बाइट लागतात. जुन्या पीसीत मात्र कार्डाच्या स्मृतीत डोकावण्याची खिडकी ६५,५३६ बाइटांचीच. म्हणजे ती खिडकी सरकवत चित्र पाच तुकड्यांत भरायचे, आणि ती सरकवण्याची पद्धत दर कार्डाला निराळी. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने किती कार्डे शिकायची?

१९८९ च्या सुमारास कार्डे आणि मॉनिटर बनवणाऱ्या कंपन्यांनी 'व्हेसा' या संस्थेत एकत्र येऊन सामाईक रीत ठरवली. प्रोग्रॅमने ठरलेल्या पद्धतीने विचारायचे, कार्डाने आधी 'व्हेसा' ही चार इंग्रजी अक्षरे आणि मग आपल्याला काय काय जमते त्याची यादी द्यायची. खिडकी सरकवायची आज्ञाही एकच. कार्ड कोणाचे, हे प्रोग्रॅमला ठाऊक असण्याची गरज उरली नाही.

त्याच काळात आपल्या पुण्यातही असेच काम झाले. डॉसच्या पडद्यावर अक्षरांसाठी सारख्या मापाची घरे असत, ८० आडवी, २५ उभी. त्यांत आपली वेलांटी, रफार, जोडाक्षरे बसणार कशी? आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले यावरचे संशोधन मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये पुढे नेले. त्यांचे 'जिस्ट' कार्ड पीसीच्या खाचेत बसवले की प्रोग्रॅमने फक्त अक्षरांचे संकेतांक पाठवायचे. जोडाक्षर घडवून पडद्यावर काढायचे काम कार्डाचे. त्या संकेतांकांना 'इस्की' या नावाने १९९१ मध्ये भारतीय मानकाचा दर्जा मिळाला.

सुट्टीत एका कार्यालयात गेले असताना काळ्या पडद्यावर मराठी नावांची यादी पाहिली. प्रोग्रॅम होता डीबेस. इंग्रजांच्या भाषेखेरीज काही न जाणणारा, तरी समोर शुद्ध मराठी. मी तिथेच उभी राहिले. मराठी ही माझी उणीव आहे असे मनाने घेतले होते. इथे तर कोणीतरी बसून तिच्यासाठी जागा केली होती. जमत नव्हते ते यंत्राला, मराठीला नव्हे. परत गेल्यावर मी तासाला प्रश्न विचारू लागले.

आज फोनवर मराठी दिसते ती युनिकोडमुळे, आणि त्यातल्या देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली आहे. आपल्या बॅचच्या ग्रुपवर रोज सकाळी येणाऱ्या सुविचारांमागेही ते पुण्यातले काम आहे.

गणिताच्या सरांना एवढेच सांगायचे आहे: सर, नोकरीत 'य' खालीच मोजते, पण बिंदू देताना अजूनही मनात 'आधी आडवे, मग उभे' असेच म्हणते.