डीपीची दुसरी बाजू

आमच्या गावात ‘ट्रान्सफॉर्मर’ हा शब्द अर्ज लिहिण्यापुरता होता. बोलताना सगळे ‘डीपी’ म्हणत. ऐन उन्हाळ्यात डीपी जळाली की विहिरीत पाणी असून पिके वाळायची, आणि नवी डीपी ट्रॉलीतून येताना दिसली की पोरे तिच्यामागे धावायची. दोन खांबांच्या मध्ये गुणगुणत बसलेली ती राखाडी पेटी कोणी आपल्या घरी आणून ठेवील, ही कल्पना मला कधी सुचली नसती. अमेरिकेतल्या हौशी प्रयोगकर्त्यांची एक अख्खी परंपरा हेच करत आली आहे हे वाचले, तेव्हा आधी हसू आले. मग माझे मामा आठवले आणि हसू थांबले. मामांकडे मी शेवटी येईन, आधी इतिहास.

ट्रान्सफॉर्मरचे मूळ मायकेल फॅरडेच्या 1831च्या प्रयोगात आहे. लोखंडी कड्यावर तारेची दोन वेगळी वेटोळी. एकातला प्रवाह सुरू-बंद होताना दुसऱ्यात क्षणभर वीज उमटली. 1885 साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील झिपेरनोव्स्की, ब्लाथी आणि देरी या तिघांनी त्याला व्यवहारात चालेल असे रूप दिले. पुढच्याच वर्षी विल्यम स्टॅनलीने मॅसॅच्युसेट्समधील ग्रेट बॅरिंग्टन गावातली दुकाने प्रत्यावर्ती विजेने उजळून दाखवली. दाब वाढवून वीज लांब न्यायची आणि दारापाशी तो उतरवायचा, ही रीत तेव्हापासूनची.

या यंत्राला दिशा नसते. जास्त वेढ्यांच्या बाजूने वीज दिली तर दाब उतरतो. कमी वेढ्यांच्या बाजूने दिली तर तोच दाब तितक्याच पटीने चढतो. आपण एका बाजूला ‘आत’ आणि दुसऱ्या बाजूला ‘बाहेर’ म्हणतो, ती आपली सोय. लोखंडाला ती ठाऊक नसते. या लेखातले सगळे काही या एका गोष्टीवर उभे आहे.

हौशी मंडळींना इतका दाब हवा कशाला? उत्तर निकोला टेस्लाजवळ आहे. 1891 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात त्याने अतिशय वेगाने दिशा बदलणाऱ्या विजेचे प्रयोग करून दाखवले. पुढे त्याच्या नावाने ओळखल्या गेलेल्या कॉइलमध्ये आधी एका साध्या ट्रान्सफॉर्मरने दाब हजारो व्होल्टवर नेतात, त्याने कपॅसिटर भरतात आणि तो एका फटीतून ठिणगीच्या रूपाने रिकामा करतात. त्या धक्क्यांनी दुसरे उंच वेटोळे झंकारते आणि त्याच्या टोकावरून हवेत विजेच्या फांद्या फुटतात. 1899 साली कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये टेस्लाने हे अजस्र प्रमाणात केले. त्या धडाक्यात गावच्या वीज कंपनीचा जनरेटर जळाल्याची कथा जॉन ओ’नील याने 1944च्या चरित्रात रंगवून सांगितली आहे. त्या कथेत तथ्य किती आणि रंग किती, यावर वाद घालता येईल. पण पुढच्या कित्येक पिढ्यांतील पोरांना वेड लावायला ती पुरेशी होती.

ठिणगीला मधल्या काळात पोटापाण्याचे कामही मिळाले होते. सुरुवातीचे बिनतारी संदेश ठिणगीवरच चालत, आणि अमेरिकेतील घरोघरचे तरुण माळ्यावर, तळघरात ट्रान्सफॉर्मर मांडून ‘कडकट्ट’ करत बसत. त्यांचा गोंगाट इतका वाढला की 1912च्या रेडिओ कायद्याने त्यांना 200 मीटरच्या आतल्या तरंगलांबीवर आणि एक किलोवॉटच्या मर्यादेत बसवले. 1920च्या दशकात निर्वात नळ्या आल्या, ठिणगी मागे पडली आणि ट्रान्सफॉर्मर अडगळीत गेले. उरली ती शोभा. 1931च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ चित्रपटात केनेथ स्ट्रिकफॅडनने प्रयोगशाळेत कडाडणारी यंत्रे उभी केली, 1935 साली उघडलेल्या लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत लोक टेस्ला कॉइल बघायला रांगा लावू लागले. ज्याने पोरवयात हे पाहिले, त्याला ते घरी हवेसे वाटले.

घरी पहिली पायरी असते निऑन पाट्यांच्या ट्रान्सफॉर्मरची: 15,000 व्होल्ट, पण प्रवाह अवघा 30 किंवा 60 मिलिअँपिअर, कारण त्याच्या गाभ्यातच प्रवाहाला लगाम घातलेला असतो. हातभर ठिणगी मिळते. ज्याला पुरुषभर उंचीची वीज हवी, त्याची नजर मग रस्त्यावरच्या खांबाकडे वळते.

अमेरिकेतल्या खांबावरचे ते गोल पिंप, हौशी भाषेत ‘पोल पिग’ म्हणजे खांबावरचे डुक्कर. ते घरी येऊ शकते, याचे कारण त्या देशाच्या वीजरचनेत आहे. तिथे घरात 120 आणि 240 व्होल्ट येतात. इतक्या कमी दाबाची तार लांब नेली तर वीज वाटेतच खर्ची पडते, म्हणून दर चार-सहा घरांमागे एक छोटा ट्रान्सफॉर्मर. 1930च्या दशकाच्या मध्यास तिथल्या दहापैकी एकाच शेतावर वीज होती. 1936च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्यानंतर दूरदूरच्या शेतांना एकेरी फेजच्या तारा गेल्या आणि शेतागणिक एक पिंप टांगले गेले. दहा केव्हीएचे पिंप दोन-तीन माणसे हलवू शकतात. रचना बदलली, पिंपे उतरली की ती भंगारात किंवा जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडे येतात. आपल्याकडे 11,000 व्होल्टवरून 433 वर उतरणारी तीन फेजची 63 किंवा 100 केव्हीएची डीपी सगळ्या वस्तीला पुरते. ती क्रेनशिवाय जागची हलत नाही. कृषिपंपांसाठी 2018 मध्ये राज्याने आणलेल्या उच्चदाब वितरण प्रणालीत मात्र एका-दोन शेतकऱ्यांमागे एक छोटी डीपी, हे अमेरिकेसारखेच तत्त्व आले.

हौशी माणूस हे पिंप उलटे जोडतो. घरातले 240 व्होल्ट उतरत्या बाजूला, आणि चढत्या बाजूला 7,200 किंवा 14,400. निऑनच्या ट्रान्सफॉर्मरसारखा लगाम इथे नाही. दहा केव्हीएचे पिंप 14,400 व्होल्टला सातशेच्या आसपास मिलिअँपिअर सहज देते, आणि तारा एकमेकींना टेकल्या तर त्याहून कितीतरी अधिक. म्हणून जाणकार बाहेरून प्रवाह आवरतात; त्यासाठी वेल्डिंग मशिनचा वापर पूर्वापार चालत आला आहे. तेलाचीही भीती असते. अमेरिकेत 1929 पासून बनलेली पीसीबी ही विषारी रसायने 1979 पर्यंत वापरात होती आणि जुन्या पिंपांच्या तेलात ती मिसळलेली सापडतात. दहा लाख भागांत पन्नास भाग निघाले की कायद्याने ते पिंप दूषित ठरते. फुकट मिळालेले पिंप असे महागात पडते.

गंमत अशी की या मोठ्या पिंपांपाशी माणसे बिचकून वागतात. घात करतात ती घरगुती यंत्रे. मायक्रोवेव्ह भट्टीतला दोन हजार व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी जाळण्याच्या खेळात इतके जीव गेले, की अमेरिकेतील लाकूड-कातारींच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत त्यावर बंदी घातली.

आता मामा. ते वायरमन होते. 1998च्या पावसाळ्यात आमच्या द्राक्षपट्ट्यातल्या एका शीतगृहाकडे जाणाऱ्या 11 केव्हीच्या तारेवर फांदी पडली. मामांनी परमिट घेतले, एबी स्विच उघडला आणि खांबावर चढले. त्या फाट्यावर तेवढी एकच डीपी. शीतगृहात बेदाणे खराब होतील म्हणून कोणीतरी जनरेटर सुरू केला. चेंजओव्हर स्विच फिरवायचा राहिला. जनरेटरची वीज डीपीत उलटी शिरली आणि मेलेल्या तारेत 11,000 व्होल्ट आले. मामा वाचले, उजवा हात कोपरापासून गेला. चौकशीत ‘कर्मचाऱ्याने तार अर्थ केली नव्हती’ असे नोंदले गेले. ते खरेच होते. त्या दिवशी गाडीत डिस्चार्ज रॉड नव्हता, हे नोंदले गेले नाही.

हौशी प्रयोगकर्त्यांचे नियम वाचताना मी थबकलो तो इथे. वीज तोडली आहे हे डोळ्यांनी पाहा. जमिनीला जोडलेली दांडी टेकवल्याशिवाय कशालाही हात लावू नका. एक हात खिशात ठेवा. तळघरात एकटा, कोणाला बांधील नसलेला माणूस स्वतःच्या जिवासाठी दांडी आधी करतो आणि पिंप नंतर आणतो. त्याला माहीत असते की आपण हे उलटे जोडले आहे. शीतगृहातल्या माणसाने नकळत तेच केले होते.

मामांना मी हे सगळे मोबाइलवर दाखवले. एका माणसाच्या अंगणात पिंपाशेजारी उभ्या केलेल्या कॉइलमधून वीज फुटत होती. त्यांनी वीज पाहिलीच नाही. चित्र थांबवायला सांगितले, डाव्या हाताच्या बोटाने कोपऱ्यात टेकवून ठेवलेली दांडी दाखवली आणि म्हणाले, “शहाणा दिसतोय गडी.”