नकोचं बहुमत

शुक्रवार, 29 मार्च 2019. वेस्टमिन्स्टर स्टेशनचा जिना चढून तुम्ही वर येता आणि बिग बेनच्या मनोऱ्याऐवजी परांची बघून हिरमुसता. दुरुस्ती चालू आहे, मोठी घंटा दीड वर्षापासून एरवी मुकीच आहे. आज रात्री अकरा वाजता ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडायचं होतं. ही तारीख आणि वेळ कायद्यातच लिहिली होती. परवाच संसदेनं ती बदलायला मान्यता दिली, त्यामुळे आजचा दिवस नुसताच कॅलेंडरवर उरला आहे.

तुम्हाला पुढचं सगळं ठाऊक आहे. 31 जानेवारी 2020, रात्रीचे अकरा. पण कुणाला सांगायला जाऊ नका. गेली तीन वर्षं या शहरात इतक्या जणांनी इतक्या छातीठोकपणे भविष्य सांगितलं आहे की तुमचं खरं भविष्य त्याच ढिगात जाऊन पडेल.

पार्लमेंट स्क्वेअर गर्दीनं भरला आहे. युनियन जॅक, ढोल, भाषणांसाठी उभारलेला मंच. ईशान्येकडच्या संडरलंडहून निघालेला मोर्चा दोन आठवड्यांनी आज इथं पोहोचतो आहे. पलीकडे व्हाइटहॉलवर दुसरा, जास्त कडवा मंच आहे. बाहेर पडायचं म्हणणाऱ्यांतही दोन मंच, हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल. कोपऱ्यात गांधीजींचा पुतळा आहे. 2015 साली तो बसवला तेव्हा समारंभाला पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन हजर होते. वर्षभरानं त्यांनीच सार्वमत घेतलं, हरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पद सोडत असल्याचं जाहीर करून मोकळे झाले. निस्तरायला थेरेसा मे उरल्या.

तुमच्या शेजारी सत्तरीचा एक गृहस्थ घडीची खुर्ची टाकून बसला आहे. थर्मासमधला चहा ओतता ओतता तो बोलायला लागतो. त्याच्या गावातली गोदी बंद पडली तेव्हा लंडनहून कुणी विचारायला आलं नाही. मग 2016 मध्ये एकदा विचारलं, त्यानं उत्तर दिलं, आणि आता हे लोक म्हणतात की तुला प्रश्न कळला नव्हता. एक कोटी 74 लाख लोकांनी 'बाहेर' म्हटलं, एक कोटी 61 लाखांनी 'आत'. यात न कळण्यासारखं काय आहे?

त्याला अडाणी समजू नका. लंडनच्या बऱ्याच वर्तमानपत्रांनी ती चूक केली. त्याचा हिशेब चोख आहे, अडचण प्रश्नात आहे. 'बाहेर' हा एकच शब्द त्या मतपत्रिकेवर होता. बाहेर पडून नेमकं कुठं जायचं, हे त्यावर नव्हतं. नॉर्वेसारखं बाजारात राहून, की सीमाशुल्काच्या जुळणीपुरतं, की कसलाही करार न करता? ज्यानं त्यानं आपापलं 'बाहेर' मनात धरून फुली मारली. सहाच दिवसांपूर्वी याच चौकात उलट्या बाजूचे लाखो लोक उभे होते, युरोपचे निळे झेंडे घेऊन, पुन्हा मत घ्या म्हणत. बाहेर पडणं रद्द करा अशा मागणीच्या अर्जावर तर पन्नास लाखांहून जास्त सह्या झाल्या आहेत.

दुपारी तुम्ही आत प्रेक्षक सज्जात जाऊन बसता. काचेतून खाली दिसणारं सभागृह टीव्हीवर वाटतं त्यापेक्षा बरंच लहान आहे. खासदार 650, बसायला जागा 427. दोन्ही बाजूंच्या बाकांपुढं गालिच्यावर लाल रेघा आहेत, त्या ओलांडून बोलायचं नाही. भिंतीवर ढालींची रांग आहे, त्यातली एक जो कॉक्स यांची. सार्वमताच्या आठवडाभर आधी, 16 जून 2016 रोजी, आपल्याच मतदारसंघात या मजूर पक्षाच्या खासदाराचा खून झाला. आत्ता खाली बसलेल्यांपैकी कित्येकांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आहेत. एकट्यानं घरी जाऊ नका, टॅक्सी घ्या, असं त्यांना अधिकृतपणे बजावलेलं आहे. ताण म्हणतात तो असा. भाषणात तो ऐकू येत नाही, मतदान संपल्यावर कोण कोणाबरोबर दाराकडे निघतं त्यावरून कळतो.

पंतप्रधान तिसऱ्यांदा तोच करार घेऊन उभ्या आहेत. 585 पानांचा हा मसुदा ब्रसेल्सशी सुमारे दीड वर्ष घासाघीस करून आणलेला. जानेवारीत तो 432 विरुद्ध 202 मतांनी आपटला. अर्वाचीन ब्रिटिश इतिहासात कुठल्याही सरकारचा इतका मोठा पराभव झालेला नाही. 12 मार्चला पुन्हा, 391 विरुद्ध 242. त्या दिवशी त्यांचा घसा बसला होता. एकच ठराव त्याच अधिवेशनात पुन:पुन्हा आणता येत नाही, असं सांगत सभापती जॉन बर्को यांनी 1604 सालचा दाखला काढला. म्हणून आज कराराला जोडलेली राजकीय घोषणा बाजूला काढून नुसता करार आणला आहे. तो मंजूर झाल्यास पद सोडते, असंही मेबाईंनी आपल्या खासदारांना परवा सांगून टाकलं आहे. राजीनामा देण्यासाठी आधी जिंकावं लागतं, अशी पाळी फार थोड्या पंतप्रधानांवर आली असेल.

अडलंय कुठं? आयर्लंडमध्ये. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा, दक्षिणेतलं प्रजासत्ताक युरोपीय संघाचं. मधली सीमा सुमारे 500 किलोमीटरची, तिच्यावरून ये-जा करायचे रस्ते दोनशेहून जास्त. 1998 च्या शांतता करारानंतर तिथले पहारे गेले आणि सीमा शेतांमधून जाणारी अदृश्य रेघ होऊन राहिली. ब्रिटन सीमाशुल्क संघातून बाहेर पडला तर माल तपासायला नाकी उभी करावी लागतील. नाकं उभं राहिलं की जुनी बंदूक परत यायला वेळ लागत नाही, ही तिथल्या लोकांची भीती आहे. म्हणून करारात 'बॅकस्टॉप'ची तरतूद घातली. दुसरा मार्ग सापडेपर्यंत सगळा ब्रिटन युरोपच्या सीमाशुल्क रचनेत राहील आणि एकतर्फी बाहेर पडू शकणार नाही. कट्टर ब्रेक्झिटवाल्यांना ही बेडी वाटते. उत्तर आयर्लंडच्या ज्या डीयूपी पक्षाच्या दहा मतांवर सरकार उभं आहे, त्यांना ती आपल्याला लंडनपासून तोडणारी वाटते. मजूर पक्षाला हा करार फार दूर नेणारा वाटतो. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

घंटा वाजते. आठ मिनिटांत दारं बंद होतील. 'हो'वाले उजवीकडच्या दालनात जातात, 'नाही'वाले डावीकडच्या, आणि बाहेर येताना माणसं मोजली जातात. बोरिस जॉन्सन आज 'हो'च्या दारानं जातात. ज्या कराराला ते गुलामीचा करार म्हणत आले, त्यालाच. मोजणी संपते. 344 विरुद्ध 286. बाहेर चौकात एकदम जल्लोष उठतो. ज्यांना आजच बाहेर पडायचं होतं, ते बाहेर पडण्याचा करार फेटाळला म्हणून नाचताहेत.

शनिवारी लंडनमध्ये थांबू नका. पॅडिंग्टनहून गाडी पकडून तासाभरात स्विंडनला उतरा. रेल्वेच्या कारखान्यांभोवती वाढलेलं हे गाव. 2016 मध्ये त्यानं बहुमतानं 'बाहेर' म्हटलं. गेल्या महिन्यात होंडानं इथला मोटारींचा कारखाना 2021 मध्ये बंद करणार असं जाहीर केलं. साडेतीन हजार नोकऱ्या. कंपनी म्हणते याचा ब्रेक्झिटशी संबंध नाही. गावातले लोक ऐकून घेतात आणि मान हलवतात. ती मान होकाराची आहे की नकाराची, हे तुम्ही ठरवा.

पण तुम्हाला इथं आणलंय ते वेगळ्या कारणासाठी. चर्चबाहेर सायंकाळच्या प्रार्थनेनंतर घोळका उभा आहे, आणि तुम्हाला फोनवर मराठीत बोलताना ऐकून एक बाई वळून विचारते, "तुमी खंयचे?"

ती गोव्यातल्या सासष्टीची. गोव्यात 19 डिसेंबर 1961 च्या आधी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगाल नागरिकत्व देतो. तिच्या वडिलांच्या दाखल्यावर तिनं ते घेतलं. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करावा लागला. पोर्तुगालमध्ये ती कधी राहिली नाही. पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे युरोपचा पासपोर्ट, आणि युरोपचा पासपोर्ट म्हणजे स्विंडनमधल्या गोदामातली रात्रपाळी. असे हजारो गोवेकर या एका गावात आहेत.

आजच, 30 मार्चला, युरोपच्या नागरिकांसाठी इथं राहण्याची परवानगी मागायची योजना पूर्णपणे खुली झाली आहे. 65 पौंडांचं शुल्क होतं, ओरड झाली म्हणून ते काढलं. पासपोर्ट वाचणारं अ‍ॅप फक्त अँड्रॉइडवर चालतं. तिच्याकडे आयफोन, म्हणून भाच्याचा फोन मागून आणलाय. पाच वर्षं राहिलेल्याला कायमचा दर्जा, त्याहून कमी असेल तर तात्पुरता. तिला झाली साडेतीन.

"आणि बाबा, हातात कागद काही मिळत नाही," ती सांगते. "ईमेल येतो म्हणे. उद्या घरमालकाला ईमेल दाखवू? शिक्का कुठाय त्यावर?"

तुम्ही तिला विचारता, सार्वमतात तिनं काय केलं. ती हसते. मताचा हक्कच नव्हता. आता नीट ऐका, कारण ब्रिटनमध्येही हे फार कमी लोकांच्या लक्षात आलं. भारतीय पासपोर्टवर इथं राहणाऱ्या माणसाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून 2016 मध्ये मत देता येत होतं. पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला नव्हतं. युरोपात राहण्याचा हक्क हवा म्हणून तिनं जो पासपोर्ट सोडला, त्याच पासपोर्टवर तिला त्या हक्काबद्दल मत देता आलं असतं. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं, पुण्याहून आलेल्या नर्सनं, मत दिलंही होतं. कुणाला दिलं ते तिनं अजून सांगितलेलं नाही, आणि हिनंही विचारलेलं नाही. एका स्वयंपाकघरात राहायचं असतं.

जाता जाता ती "देव बरें करूं" म्हणते आणि भाच्याला हाक मारते. त्याची पाळी आठला आहे, फोन त्याआधी परत द्यायचाय.

अजून एक गंमत याच शनिवारची. आजपासून काही नव्या ब्रिटिश पासपोर्टांच्या मुखपृष्ठावर 'युरोपीय संघ' हे शब्द नसतील. देश आतच राहिला, पासपोर्ट तेवढा बाहेर पडला.

करार न होताच बाहेर पडावं लागलं तर म्हणून केलेल्या तयारीतही असेच तुटक तुकडे दिसतात. सरकारनं औषध कंपन्यांना सहा आठवड्यांचा जादा साठा करायला सांगितलं आहे. जानेवारीत केंटमधल्या मॅन्स्टनच्या जुन्या विमानतळावरून डोव्हरपर्यंत 89 मालट्रक नेऊन वाहतूककोंडीची तालीम झाली. कोंडीची तालीम करताना कोंडी झाली नाही, कारण 89 ट्रक म्हणजे काहीच नाही. एका कंपनीला तर 1 कोटी 38 लाख पौंडांचं फेरीबोटींचं कंत्राट दिलं. तिच्याकडे बोट एकही नव्हती. ते कंत्राट फेब्रुवारीत रद्द झालं.

सोमवारी, 1 एप्रिलला, पुन्हा सज्जात या. तारखेवरून कुणी विनोद केला तर हसू नका, सकाळपासून सगळे तोच करताहेत. सरकारला जमत नाही तर आम्हीच मार्ग काढतो, असं म्हणून खासदारांनी कामकाजाचा ताबा घेतला आहे. गेल्या बुधवारी आठ पर्याय मांडले होते, आठही पडले. आज चार आहेत. दोन दारांच्या सभागृहात चार पर्याय एकाच वेळी मोजता येत नाहीत, म्हणून खासदारांना कागद दिले आहेत. प्रत्येक पर्यायापुढं हो किंवा नाही.

माझ्या मते सगळं इथं फसलं. पसंतीचा क्रम लावायला सांगितला असता, तर काहीतरी एक वर आलंच असतं. पण प्रत्येकाला वेगळं विचारलं की प्रत्येकाला 'नाही' म्हणता येतं, आणि आपला लाडका पर्याय जिवंत राहावा म्हणून शेजारच्याचा पाडणं हा शहाणपणा ठरतो.

चर्चा चालू असताना तुमच्या समोरच्या काचेपाशी अचानक डझनभर लोक कपडे काढतात आणि हवामान बदलाच्या घोषणा अंगावर रंगवून काचेला चिकटून उभे राहतात. शब्दश: चिकटून, हाताला गोंद लावून. खाली भाषण थांबत नाही, फक्त त्यात श्लेष वाढतात. पोलीस शांतपणे एकेक हात सोडवतात.

रात्री निकाल. सीमाशुल्क संघात राहायचं? 273 विरुद्ध 276. तीन मतांनी पडला. सामायिक बाजारात राहायचं? 261 विरुद्ध 282. जो ठरेल तो करार लोकांपुढं ठेवायचा? 280 विरुद्ध 292. करार होतच नसेल तर बाहेर पडणंच रद्द करायचं? 191 विरुद्ध 292. आकडे पुन्हा बघा. सर्वांत जास्त 'हो' मिळालेला पर्याय बारा मतांनी पडला, आणि त्याहून कमी 'हो' मिळालेला तीनच मतांनी. मंत्रिमंडळानं मतच दिलं नाही. सामायिक बाजाराचा प्रस्ताव मांडणारे निक बोल्स उठतात, माझा पक्ष तडजोड करायला तयार नाही म्हणून मी अपयशी ठरलो असं सांगतात, हुजूर पक्ष सोडतो म्हणतात आणि बाहेर चालायला लागतात. कुणीतरी मागून "जाऊ नकोस, निक" अशी हाक मारतं. ते थांबत नाहीत.

बुधवारी आणखी एक मतदान. असे पर्याय तपासायला येत्या सोमवारी अजून एक दिवस राखून ठेवायचा का, एवढाच प्रश्न. 310 विरुद्ध 310. असं 1993 नंतर पहिल्यांदाच घडतं आहे. आता निर्णायक मत सभापतींचं, आणि रिवाज असा की जिथं बहुमत झालं नाही तिथं सभापतींनी ते निर्माण करू नये. बर्को 'नाही'च्या बाजूनं मत देतात. म्हणजे आपल्याला काय हवं ते शोधत राहायचं की नाही, यावरही सभागृहात निम्मे-निम्मे. त्याच रात्री मुदतवाढ मागायला सरकारला भाग पाडणारं विधेयक मात्र एका मतानं पार पडतं, 313 विरुद्ध 312.

गुरुवारी दुपारी तुम्ही अजून आहात, निघायची घाई नाही. ब्रेक्झिट आज विषयपत्रिकेवर नाही, एका कराबद्दल चर्चा चालू आहे. वीस-पंचवीस खासदार, एक भाषण. तेवढ्यात पत्रकारांच्या सज्जात छतातून पाणी यायला लागतं, आधी थोडं, मग धो धो, आणि वार्ताहर वह्या उचलून पळतात. बोलणारे खासदार आवाज चढवून दोन वाक्यं पुढं रेटतात. मग सभागृह तहकूब होतं आणि पाणी थांबत नाही असं पाहून दिवसभरापुरतं उठतं. या आठवड्यात कुणीही विरोध न करता झालेला हा एकमेव निर्णय.