चोरीच्या मालाची जाहिरात आणि जाहिरातदाराची गोपनीयता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

संकेतस्थळावर एखादी जुनी सायकल किंवा कॅमेरा विक्रीस ठेवलेला दिसतो. ती वस्तू आपल्याच घरातून चोरीस गेली होती, अशी एखाद्याची खात्री पटते व तो चालकाकडे विक्रेत्याचे नाव आणि पत्ता मागतो. चालक बहुधा नकार देऊन पोलिसांकडे जाण्यास सांगतो. तक्रारदाराला ही चोराची पाठराखण वाटते. हा पेच संगणकयुगाने निर्माण केला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो वृत्तपत्रीय जाहिरातींइतकाच जुना आहे. चालकाच्या नकारामागे जो कटू ऐतिहासिक अनुभव उभा आहे, त्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लंडनचा अनुभव :

अठराव्या शतकाच्या प्रारंभी लंडनमध्ये संघटित पोलीस दल नव्हते. चोरी झालेला मनुष्य वृत्तपत्रात जाहिरात देई : वस्तू परत करणाऱ्यास बक्षीस मिळेल, कोणताही प्रश्न विचारला जाणार नाही. या एका आश्वासनावर जोनाथन वाइल्ड याने आपला व्यवसाय उभारला. चोरांकडून माल कोठे आहे हे तो जाणून घेई आणि मालकाकडून मोबदला घेऊन तो परत मिळवून देई. चोर आणि मालक या दोघांचीही माहिती एकाच खासगी व्यक्तीच्या हाती एकवटली होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. 1724 मध्ये ‘डेली पोस्ट’मध्ये त्याने दिलेली एक जाहिरात या दृष्टीने बोलकी आहे. हरवलेल्या पाकिटात वचनचिठ्ठ्या होत्या, म्हणजे मालकाचे नाव त्याला ठाऊक असलेच पाहिजे. तरीही पाकीट कोणत्या मद्यगृहाजवळ, रात्री किती वाजता हरवले, याचा जाहीर उल्लेख त्याने केला. मालकाला ही सूचक धमकी होती, असा अर्थ लावला जातो. तो योग्यच वाटतो. मालकाची अब्रूदेखील अशा रीतीने विक्रीस निघाली होती.

1717 च्या अधिनियमाने चोरास न पकडता चोरीचा माल परत करण्याबद्दल बक्षीस घेणे हा गंभीर गुन्हा ठरविला. याच तरतुदीखाली वाइल्ड सापडला. लेसच्या चोरीच्या आरोपातून तो सुटला, परंतु तीच लेस परत करण्यासाठी दहा गिनी घेतल्याबद्दल दोषी ठरला व 24 मे 1725 रोजी टायबर्न येथे फाशी गेला.

तथापि जाहिराती थांबल्या नाहीत. म्हणून 1751 च्या अधिनियमाने असे आश्वासन देणाऱ्या जाहिरातदाराबरोबरच ती छापणाऱ्या मुद्रकास व प्रकाशकासही प्रत्येकी 50 पौंडांचा दंड ठेवला. माध्यमाच्या चालकावर जबाबदारी टाकण्याचा हा महत्त्वाचा टप्पा होय. या मार्गाचे दुष्परिणामही झाले. दंडाची रक्कम दावा लावणाऱ्यास मिळत असल्यामुळे वृत्तपत्रांवर दावे लावणे हाच काहींचा धंदा होऊ शकत होता. अखेर 1870 मध्ये अशा दाव्यांसाठी अॅटर्नी जनरल किंवा सॉलिसिटर जनरल यांची लेखी अनुमती आवश्यक करण्यात आली.

नाव उघड करण्याचा प्रश्न मात्र वेगळ्या मार्गाने सुटला. नॉर्विच फार्माकल खटल्यात 1973 साली ब्रिटिश लॉर्ड्स सभागृहाने असे ठरविले की, दुसऱ्याच्या दुष्कृत्यात निर्दोषपणे का होईना गुंतलेल्या व्यक्तीस न्यायालय दोषी व्यक्तीचे नाव सांगण्याचा आदेश देऊ शकते. नाव मिळू शकते, परंतु न्यायालयामार्फत.

भारतीय कायदा :

वाइल्डच्या व्यवसायाची आठवण भारतीय दंड संहितेच्या कलम 215 मध्ये उरली होती. भारतीय न्याय संहिता, 2023 मध्ये तीच तरतूद कलम 252 म्हणून आली आहे. संकेतस्थळांच्या संदर्भात निर्णायक घटना घडली ती 2004 मध्ये. बाझी डॉट कॉम या लिलावस्थळावर एका सदस्याने आक्षेपार्ह चित्रफीत विक्रीस ठेवली आणि कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यास अटक झाली. (2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरील माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील कारवाई रद्द केली, तीही कंपनीलाच आरोपी न केल्याच्या कारणावरून.) माल चोरीचा नव्हता, परंतु प्रश्न मुद्रकाचाच होता. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात 2008 साली झालेल्या दुरुस्तीने कलम 79 खाली मध्यस्थास सशर्त संरक्षण दिले, तर कलम 72क अन्वये करारभंग करून ग्राहकाची वैयक्तिक माहिती हेतुपूर्वक उघड करणे शिक्षेस पात्र ठरविले. 2015 च्या श्रेया सिंघल निर्णयानुसार मध्यस्थाला मिळणारी ‘प्रत्यक्ष माहिती’ म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना. पुढे 2017 मध्ये पुट्टस्वामी निर्णयाने खासगीपणास मूलभूत हक्काचा दर्जा दिला.

म्हणजे केवळ खासगी तक्रारीवरून नाव द्यावयास चालक बांधील नाही, आणि ते न देणेच इष्ट होय. तक्रारदार प्रामाणिक असेलही. पण वस्तू ओळखण्यात त्याची चूक झाली असेल, तर एका निरपराध विक्रेत्याच्या दारात संतप्त माणूस उभा राहील. उलट अधिकृत तपास यंत्रणेच्या लेखी आदेशानंतर, 2021 च्या नियमांनुसार, 72 तासांच्या आत माहिती देणे चालकावर बंधनकारक आहे. सदस्याने नोंदणी रद्द केल्यानंतर त्याची माहिती 180 दिवस जपावी, असेही हे नियम सांगतात.

खरी अडचण येथे आहे. तक्रारदाराने पोलीस ठाण्यात जावे असे म्हणताना तेथे तक्रार वेळेवर नोंदली जाईल, असे गृहीत धरले जाते. सायकलीसारख्या किरकोळ वस्तूची फिर्याद महिनोन्महिने पडून राहिली, तोपर्यंत विक्रेत्याने आपले खाते बंद केले आणि 180 दिवस उलटले, तर आदेश हाती पडेल तेव्हा चालकाकडे द्यावयास नाव उरलेले असेलच असे नाही.