प्रदूषणकण आणि मेघबिंदू

हवेत तरंगणाऱ्या धूर, धूळ, क्षार आणि गंधकयुक्त संयुगांच्या सूक्ष्मकणांवर बाष्प जमून ढगातील थेंब तयार होतात. या थेंबांना मेघबिंदू आणि ज्या कणांवर ते जमतात त्यांना सांद्रीभवन केंद्रके म्हणतात. हवा गार झाली की बाष्पाचे पाणी होते, हे शालेय पाठ्यपुस्तकातले विधान खरे असले तरी अपुरे आहे. अगदी निर्मळ, कणरहित हवेत सापेक्ष आर्द्रता कित्येकशे टक्क्यांवर गेल्याखेरीज थेंब धरत नाही, कारण अतिसूक्ष्म थेंबाचा पृष्ठभाग इतका वक्र असतो की त्यावरचे पाणी लगेच उडून जाते. प्रत्यक्षातल्या ढगांत मात्र आर्द्रता शंभर टक्क्यांच्या वर जेमतेम एखादा टक्का जाते, आणि तेवढ्यावर काम भागते ते केवळ कणांमुळे. कणातला विरघळणारा क्षार पाण्याला धरून ठेवतो आणि वक्रतेची अडचण भरून काढतो. स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे प्रयोगाने दाखवले आणि स्वीडनच्या कोहलर यांनी पुढे त्याचे गणित मांडले. म्हणजे केंद्रकांवाचून ढग नाही, आणि प्रदूषणाचा प्रश्न केंद्रकांच्या असण्याचा नसून त्यांच्या संख्येचा आणि आकाराचा आहे.

संख्येचा परिणाम सरळ हिशोबाने समजतो. ढगात वर चढलेल्या हवेने आणलेले पाणी ठरलेले असते. वाटेकरी वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. स्वच्छ सागरी हवेतल्या ढगात दर घनसेंटिमीटरला साधारण शंभर मेघबिंदू असतात, तर प्रदूषित भूभागावर ही संख्या हजारापर्यंत आणि त्यापलीकडेही जाते. थेंबांची संख्या आठपट झाली आणि पाणी तेवढेच राहिले, तर प्रत्येक थेंबाची त्रिज्या निम्मी होते. असे लहान व दाट थेंब सूर्यप्रकाश अधिक परावर्तित करतात, म्हणून ढग अधिक पांढरा दिसतो. शॉन टूमी यांनी १९७४ च्या सुमारास हा परिणाम मांडला. शेतीच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची बाब वेगळी आहे. दहा मायक्रॉन त्रिज्येचा मेघबिंदू सेकंदाला सुमारे एक सेंटिमीटर वेगाने खाली येतो, म्हणजे ढगातला साधा ऊर्ध्व प्रवाहही त्याला सहज तोलून धरतो. एक मिलिमीटर त्रिज्येचा पावसाचा थेंब व्हायला असे दहा लाख मेघबिंदू एकत्र यावे लागतात. हे एकत्र येणे टकरींतून होते, आणि टकरी नीट सुरू होण्यासाठी ढगातल्या थेंबांची परिणामी त्रिज्या चौदा मायक्रॉनच्या आसपास पोचावी लागते. सगळे थेंब सारखेच बारीक असतील तर ते एकमेकांना चुकवून हवेच्या प्रवाहाबरोबर सरकतात आणि पाऊस धरायला उशीर लागतो. केंद्रके वाढली त्याच प्रमाणात थेंब वाढतात असेही नाही. कणांची गर्दी झाली की ते एकमेकांचे बाष्प ओढतात, ढगातली अतिसंपृक्तता, म्हणजे शंभर टक्क्यांवरची आर्द्रता, खाली येते आणि लहान कण थेंब न होताच राहून जातात. म्हणून आधीच गढूळ असलेल्या हवेत आणखी धूर मिसळण्यापेक्षा स्वच्छ हवेत थोडा धूर मिसळण्याचा परिणाम मोठा असतो.

हे सगळे वाशीमला कितपत लागू पडते? १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सोयाबीन आणि तुरीचा आहे. येथे मोठे कारखाने नाहीत आणि शेती बहुतांशी पावसावर अवलंबून आहे. त्यामुळे प्रदूषणाचा विषय चंद्रपूर-नागपूरचा, आपला नव्हे, असा समज सहज होतो. हा समज टिकत नाही. बारीक कण हवेत सुमारे आठवडाभर राहतात, आणि सेकंदाला पाच मीटर इतक्या साध्या वाऱ्यातही हवा दिवसाला चारशे किलोमीटरांहून जास्त अंतर कापते. दगडी कोळशाच्या जळणातून निघालेल्या सल्फर डायऑक्साइडचे सल्फेट होते ते वाटेतच, उगमापासून दूर. आणि सल्फेट हे उत्तम केंद्रक आहे. शिवाय जिल्ह्याची स्वतःचीही भर असते: उन्हाळ्यात पेटवलेले धुरे, पऱ्हाट्या-तुराट्यांवर पेटणारी चूल, डिझेलची वाहने, नांगरटीची धूळ. चुलीतून नुकतीच निघालेली काजळी पाण्याला जवळ करत नाही, त्यामुळे ती लगेच केंद्रक होत नाही. हवेत काही काळ राहून तिच्यावर सल्फेट वा सेंद्रिय पदार्थांचा लेप चढला की तोच कण पाणी धरू लागतो. तेव्हा एका गावातला धूर दुसऱ्या तालुक्यावरच्या ढगात काम करतो, आणि हिशोब जिल्ह्याच्या हद्दीत बसवता येत नाही.

महाराष्ट्रात या विषयाचा अभ्यास प्रामुख्याने पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने केला आहे. २००९ मध्ये संस्थेने ‘कायपिक्स’ हा प्रयोग सुरू केला आणि उपकरणे बसवलेले विमान देशाच्या निरनिराळ्या भागांत प्रत्यक्ष ढगांतून नेले. २००९ साली देशाचा मोसमी पाऊस सरासरीपेक्षा २२ टक्के कमी होता, त्यामुळे या मोजणीला वेगळेच महत्त्व आले. निष्कर्ष असा की, ज्या ढगांत मेघबिंदूंची संख्या जास्त, त्यांना पाऊस धरण्यासाठी पायथ्यापासून अधिक उंच वाढावे लागते. महाबळेश्वरला २०१२ पासून संस्थेची उच्चस्थानी मेघभौतिकी प्रयोगशाळा आहे. तेथे पावसाळ्यात ढग जमिनीलाच टेकतात, त्यामुळे विमानावाचून मेघबिंदू आणि केंद्रके एकाच जागी मोजता येतात. विदर्भासाठी यातला उंचीचा मुद्दा मोलाचा आहे. ढगाला भरपूर उंच चढता आले तर उशिरा का होईना पाऊस धरतो. वरच्या थरात कोरडी हवा असेल आणि ढग मधेच थिजला तर तो न बरसता विरून जातो. मृगात पेरणी आटोपल्यावर जो खंड पडतो, त्यातले बुटके ढग याच प्रकारचे असतात. म्हणून प्रदूषणाचा परिणाम शोधायचा तर तो भर पावसाळ्याच्या झडीत नव्हे, मोसमाच्या उंबरठ्यावर आणि खंडांत शोधावा. झडीत पाऊस स्वतःच हवा धुऊन काढतो.

यावर पहिला आक्षेप असा की, वाशीमचा पाऊस ठरतो तो अरबी समुद्र, बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे पट्टे आणि एल निनो यांवर. कणांचे महत्त्व फुगवून सांगितले जाते. बाष्प आणि वारे हेच मुख्य, हे मान्यच करावे लागते. कण पाणी निर्माण करत नाहीत आणि दुष्काळाचे खापर धुरावर फोडणे चूक आहे. पण आलेल्या ढगाने किती लवकर आणि कुठे बरसावे, यात कणांचा हात आहे, आणि कोरडवाहू शेतकऱ्याला आठ दिवसांचा फरकही दुबार पेरणीएवढा महाग पडतो. दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. खोल, जोमदार ढगात खालचा पाऊस अडला तर पाणी गोठणरेषेच्या वर जाते, तेथे बर्फ होताना उष्णता सुटते, ढग आणखी जोर धरतो आणि शेवटी धो-धो कोसळतो. २००८ मध्ये डॅनियल रोझेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी हे चित्र मांडले. तसे असेल तर धूर पाऊस घटवतो असे सरसकट म्हणता येत नाही. हा वाद शास्त्रात अजून मिटलेला नाही, पण तो मूळ मुद्द्याला छेद देत नाही: दोन्ही बाजूंना पाऊस लांबणे मान्य आहे, पुढे काय होते ते ढगाच्या खोलीवर ठरते. उपग्रहाच्या चित्रात कण आणि ढग एकत्र दिसले म्हणून एकाने दुसरा घडवला असे धरण्यातही धोका आहे. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि संख्या न वाढताही जास्त दिसतात. विमानातल्या आणि डोंगरावरच्या मोजणीवर भर द्यावा लागतो तो यासाठीच.

कणांनी पाऊस अडतो तर कृत्रिम पावसासाठी ढगात पुन्हा कणच कसे फवारतात, हा प्रश्नही स्वाभाविक आहे. उत्तर आकारात आहे. धुराचे कण बहुधा मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढे असतात आणि पाण्याची बारीक वाटणी करतात. पाणी झपाट्याने ओढणारे थोडे मोठे कण मात्र लवकर मोठे थेंब बनवतात आणि टकरींना सुरुवात करून देतात. समुद्रावरचे मिठाचे कण निसर्गतः हेच काम करतात. बारामती परिसरात १९७३ ते १९८६ या काळात संस्थेने विमानातून मिठाची फवारणी करून अकरा हंगाम प्रयोग केले आणि सुमारे २४ टक्के वाढ नोंदवली. अलीकडे, २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात, सोलापूरच्या पर्जन्यछायेतल्या ढगांवर कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या वापरून चाचणी झाली. फवारणीच्या वाऱ्याखालील सुमारे शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास वाढ आढळली. ही वाढ योग्य ढग आधीच हजर असताना मिळाली. निरभ्र आकाशात फवारायला काहीच नसते. त्यामुळे खंडाच्या काळात कृत्रिम पावसाची मागणी होते तेव्हा पहिली चौकशी विमानाची नव्हे, त्या दिवशीच्या ढगांची उंची, त्यातले पाणी आणि हवेतली केंद्रके यांची व्हायला हवी.