गुण काढून टाकले तेव्हा

ऑनलाइन खेळाला ध्येय लागतेच, हा समज 1989 मध्येच मोडीत निघाला. 1978 साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांचा ‘मड’ हा शब्दांतून खेळायचा खेळ सुरू झाला. सापडलेला खजिना दलदलीत टाकायचा, गुण कमवायचे आणि शेवटी ‘विझर्ड’ व्हायचे, असा त्याचा खाक्या. पुढे 1989 मध्ये अमेरिकेत जेम्स अॅस्पनेस यांनी ‘टायनीमड’मधून गुणच वगळले. लोक कंटाळले? छे! गप्पा मारता मारता त्यांनी शब्दांच्या खोल्यांवर खोल्या बांधल्या. तो वर्षभरातच बंद पडला, हा आक्षेप खरा; पण पसारा हाताबाहेर गेल्याने, ओसाड पडल्याने नव्हे. मोकळे सोडले तरी खेळाडू आपले ध्येय आपणच ठरवतो. मात्र सगळ्यांचे ध्येय एक नसते. खेळणाऱ्यांच्याच वादावादीतून बार्टल यांनी चार प्रवृत्ती वेगळ्या काढल्या. त्यावरचा त्यांचा निबंध 1996 साली प्रसिद्ध झाला. मोठ्या आवाजातली तक्रार म्हणजे बहुमत, असे मानणाऱ्या निर्मात्यांनी तो अजूनही वाचावा.